गेनबांचा हातगुण

गेनबांची एक गोष्ट मी गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं सांगत आलो आहे. लग्नाच्या पंगतीत सांगितली, माझ्या निवृत्तीच्या समारंभात सांगितली, नातवंडांना तर कितीदा तरी. भाटघरच्या बंगल्यावर एका बड्या अधिकाऱ्याची पत्नी पाहुणी आली होती. तिला बागेतली फुलं कात्रीनं कापून हवी होती. आणि गेनबा माळ्यांनी घरातल्या सगळ्या कात्र्या, अगदी मालकीणबाई माईसाहेबांच्या शिवणाच्या डब्यातलीसुद्धा, गवताच्या गंजीत लपवून ठेवल्या. लोक हसतात. मीही हसतो आणि तिथेच थांबतो.

त्यापुढचं मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि ती जाऊन आता सहा वर्षं झाली. यंदा मला ऐंशी पुरी झाली. टाळायला तरी आणखी किती वर्षं मिळणार?

तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. खेडकडचा, बटाटा पिकवणाऱ्या घरातला, मॅट्रिक झालेला आणि त्याचा थोडा जास्तच अभिमान असलेला. भाटघरच्या धरणाजवळ टेकडीच्या उतारावर एका निवृत्त इंजिनिअरांचा बंगला होता. सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेली होती, म्हणून पत्रं वाचून दाखवायला आणि उत्तरं लिहायला त्यांनी मला ठेवून घेतलं होतं. घरात ते, त्यांच्या पत्नी माईसाहेब, एक स्वयंपाकी आणि मी. आणि बागेत गेनबा.

गेनबा मूळचे वेल्ह्याच्या वाटेवरच्या मार्गासनीचे. पन्नाशीचे, काटकुळे. खालचा ओठ तंबाखूनं कायम फुगलेला. एका डोळ्याची पापणी निम्मी मिटलेली असायची, त्यामुळे समोरच्याचं बोलणं त्यांना फारसं पटत नाहीये असं वाटे. मी त्यांना 'अरे गेनबा' म्हणायचो. माझ्या दुप्पट वयाचा माणूस, पण बंगल्यावर तशीच पद्धत होती आणि मला ती सोयीची होती. आता लिहिताना तरी तसं लिहिणार नाही.

काम झाल्यावर हात सगळेच धुतात. गेनबा कामाआधी धुवायचे. विहिरीच्या काठी बसून बोटांची बेचकी न् बेचकी चोळायचे, मग हात हवेतच वाळवत वाफ्याकडे जायचे. मी एकदा त्यांची थट्टा केली तर म्हणाले, "तान्ह्या पोराला घ्यायच्या आदी बाई हात धुती का न्हाई?"

बागेत गुलाब होते, मोगरा होता, पेरू होते. पण गेनबांचा जीव होता तो एका वाफ्यावर. त्याची हकीकत मला माईसाहेबांनी सांगितली. त्यांचा धाकटा भाऊ दक्षिण आफ्रिकेत, डर्बनला, शाळामास्तर होता. एका पत्रातून त्यानं बियांची पुडी पाठवली. इकडच्या डोंगरांत हे फूल आपोआप उगवतं, जर्बेरा म्हणतात, ताईनं लावून पाहावं, असं त्यानं लिहिलं होतं. त्याच्यामागून जे टपाल आलं त्यात तो तापानं गेल्याची बातमी होती.

ते बी म्हणजे बारीक कुसळ आणि त्याच्या टोकाला केसांचा झुपका. माईसाहेबांना ते हातात धरवेना. त्यांनी पुडी गेनबांना दिली आणि सांगितलं की ही माझ्या भावाची शेवटची वस्तू आहे. गेनबांनी असलं बी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी म्हणे दोन दिवस ते नुसतं पाहिलं. मग ओढ्याची वाळू आणि कुजलेला पाचोळा कालवून बाभळीच्या काट्यानं एकेक बी उभं टोचलं, झुपका वर ठेवून. वरून माती टाकली नाही. "ज्याला डोक्यावर येवढे केस दिल्यात ते मातीत तोंड लपवाया आलेलं न्हाई," हे त्यांचं शास्त्र. मूठभर बियांतून पाच उगवली. पुढे दर दोन-तीन वर्षांनी ते गड्डे उकरून, फुटवे वेगळे करून लावत गेले. मी तिथे गेलो तेव्हा त्या पाचांचा सबंध वाफा झाला होता.

जर्बेरा आता फुलवाल्यांकडे ढिगानं असतो. तेव्हा त्या भागात कुणी पाहिलेला नव्हता. पानं जमिनीलगत पसरलेली, खालून पांढुरकी लव असलेली. मधून पान नसलेला एक सरळ दांडा वर येई आणि त्यावर निखाऱ्याच्या रंगाचं फूल, पाकळ्या अगदी अरुंद. गेनबा त्याला 'पाव्हनी' म्हणायचे. पाव्हणीचे नियम पुष्कळ होते. वाफा उंच आणि उताराचा हवा, पाणी थांबता कामा नये. फूल कापायचं नाही, कारण दांड्याचा उरलेला खुंट कुजतो आणि ती कूज आत जाते. दांडा बुडाशी धरून जरा तिरका करायचा आणि अलगद ओढायचा. कात्र्या गंजीत गेल्या त्या एवढ्यासाठी. आणि सगळ्यांत मोठा नियम गळ्याचा. पानं जिथून फुटतात तो गड्ड्याचा गळा मातीच्या वर राहिला पाहिजे. रोज सकाळी ते वाफ्यात उकिडवे बसून एका बोटानं प्रत्येक झाडाच्या गळ्यापाशी आलेली माती बाजूला सारायचे. कुणी नवखा माणूस वाफ्याजवळ गेला तर त्यांचं एकच वाक्य असे: "गळा उगडा ठेवा."

हंगामातलं पहिलं फूल ते माईसाहेबांना नेऊन देत. माईसाहेब ते भावाच्या तसबिरीपुढे तांब्यात ठेवत. हे फूल देवाला चालतं का, असं गेनबांनी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "देवाला आपली फुलं पुष्कळ आहेत."

पण माळी ही गेनबांची अर्धीच ओळख. उरलेली मला मार्गासनीला कळली. मी आल्यानंतरच्या पहिल्याच आषाढात ते मला भाताची आवणी बघायला घेऊन गेले. भाताची रोपं खाचरात लावायची त्याला तिकडे आवणी म्हणतात. त्यांच्या आळीत कुणाच्याही खाचरात पहिलं रोप गेनबाच लावायचे. त्यांच्या हाताला गुण होता अशी सगळ्यांची खात्री. नांगरून-चिखलून खाचर तयार असे, बायका पदर खोचून उभ्या असत, आणि सगळे गेनबांची वाट बघत. ते यायचे, वाहत्या पाण्यात हात धुवायचे, एक रोप घेऊन अंगठ्यानं चिखलात दाबायचे. मग बायका खाली वाकायच्या आणि गाणं सुरू व्हायचं. अकरा घरांची खाचरं त्यांनी त्या दोन दिवसांत अशी सुरू करून दिली. एक म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, "हात असावा तर गेनबावानी. त्वांड दुसऱ्या कुनाचंबी चालंल." गेनबांसकट सगळे हसले. त्या गुणाखेरीज त्यांना दुसरी मिळकत नव्हती म्हटलं तरी चालेल. शेत होतं ते टीचभर. पण आळीतून जाताना लहानमोठे त्यांना वाट देत ती त्या हातासाठी.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी रावसाहेबांना एक सूचना केली. आमच्याकडे बटाट्याच्या बुंध्याशी मातीची भर घालतात. पावसाआधी त्या आफ्रिकेच्या झाडांनाही भर द्यावी, मुळं उघडी पडणार नाहीत. मी हे मोठ्या ऐटीत, चहाच्या वेळी, व्हरांड्यात सगळ्यांसमोर बोललो. गेनबा पायरीवर बसले होते. म्हणाले, "भाऊसाहेब, ह्यो तुमचा बटाटा न्हवं. पाव्हनी हाय. पाव्हनीला आपल्या घरच्या रीती लावू न्हाईत." माईसाहेब हसल्या. रावसाहेब हसले. आत स्वयंपाकीही हसला, ते मला ऐकू आलं. गेनबांच्या बोलण्यात काही डंख नव्हता. पण ते हसू माझ्या कानात राहिलं.

आषाढात गेनबा आवणीला निघाले. जायच्या आधी वाफ्यातून फिरून त्यांनी प्रत्येक झाडाची सुकली पानं काढली आणि मला बोलावून सांगितलं, "म्या येस्तवर काई करू नका. पान पिवळं पडलं तरी करू नका. काई न करनं ह्येच काम." मी हो म्हणालो.

मग पाऊस लागून राहिला. वाफ्याची कड खचली आणि दोन-तीन झाडांची पांढरी मुळं दिसू लागली. मला काळजी वाटली हे खरं आहे. पण काळजीपेक्षा त्या हसण्याला उत्तर देण्याची खुमखुमी मोठी होती, हेही खरं आहे. बाजारचा दिवस होता, स्वयंपाकी भोरला गेला होता. रावसाहेब आणि माईसाहेब दुपारचे पडले होते. पावसाची उघडीप मिळाली तशी मी कुदळ-घमेलं घेतलं, पेरूखालची काळी माती आणली आणि वाफ्यातल्या एकूणएक झाडाला भर घातली. आमच्या वडिलांनी शिकवली होती तशी, चारी बाजूंनी दाबून, गळा पुरता झाकून. भर इतकी नेटकी झाली की मी लांब उभा राहून पाहिली. कुणाला काही बोललो नाही. झाडं तरारली की गेनबांसमोरच सांगायचं असं ठरवलं होतं.

नद्यांना पूर आले, गेनबांचं येणं लांबलं. भर घातल्याच्या नवव्या दिवशी मी वाफ्यापाशी गेलो तर पानं माना टाकून पडलेली. माती ओली चिंब आणि झाडं मात्र उन्हाळ्यात सुकावीत तशी. एक पान उचललं तर अख्खं झाड हातात आलं. गळा काळा पडून मऊ झाला होता. कुजल्या कांद्यासारखा वास येत होता.

इथपर्यंत जे झालं ती चूक होती. पुढचं चूक नाही.

मी सगळी भर काढली. हातानं, चिमटीनं काढली. प्रत्येक गळा तांब्याच्या पाण्यानं धुतला, वाफा गेनबा ठेवत त्याच पातळीला आणला, काढलेली माती परत पेरूखाली पसरली आणि वर पाचोळा टाकला. उपटून आलेलं झाडही पुन्हा होतं तिथे बसवलं. त्या बागेत मी केलेलं सगळ्यांत काळजीपूर्वक काम तेच.

चार दिवसांनी गेनबा आले. डोंगर ओलांडून पायवाटेनं आले होते, गुडघ्यापर्यंत चिखल. वाफा लांबून दिसला तसे थबकले. मग विहिरीवर गेले, हात धुतले, आणि येऊन बसले. दुपारपर्यंत ते तिथून हलले नाहीत. माती हुंगून पाहिली, हुमणीची अळी शोधली, मुंग्यांचं बीळ शोधलं, पाण्याची वाट तपासली. कुठे काही दोष सापडेना. सापडू नये याची व्यवस्था मी केलेली होती. मी व्हरांड्यात पत्र लिहीत बसल्याचं सोंग करत होतो. शेवटी ते पायरीशी आले.

"म्या नसताना हितं कुनी हात लावला व्हता का, भाऊसाहेब?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, ओळखलं. पण ते स्वतःच्या हातांकडे बघत होते.

"मंग माजाच," ते म्हणाले. "जाताना पानं म्याच काडली व्हती."

संध्याकाळी रावसाहेबांनी मला जवळ बसवलं. त्यांना दिसत नव्हतं, माझ्याच डोळ्यांनी ते बघत. झाडांची स्थिती विचारली, पाण्याचा निचरा विचारला. मग त्या इंजिनिअर माणसानं नेमकं विचारलं, "मातीची पातळी बरोबर आहे?" मी म्हणालो, बरोबर आहे. माझ्यासाठी दार दुसऱ्यांदा उघडलं होतं आणि मी दुसऱ्यांदा ते लावून घेतलं.

वाफ्यातलं एकही झाड वाचलं नाही. माईसाहेबांच्या खिडकीत एका कुंडीत पाव्हणीचं एक झाड होतं, तेवढं राहिलं. त्याला मी हात लावला नव्हता. पण गेनबांनी त्याचा अर्थ वेगळा लावला. त्या कुंडीला पाणी माईसाहेब घालत. जे त्यांच्या हाताखाली होतं ते जगलं, जे आपल्या हाताखाली होतं ते गेलं, याहून उघड पुरावा कोणता?

त्यांना कुणी काढलं नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण रावसाहेब-माईसाहेबांना बोल लागू नये. उलट माईसाहेबांनी त्यांना समजावलं. पाच रोपांतून बाग केलीत ती याच हातांनी ना, म्हणाल्या. गेनबा म्हणाले, "माईसाब, तुमच्या भावाची शेवटची वस्तू माज्या हातात मेली. आता ह्या हातानं हितं दुसरं काई लावू?" माईसाहेबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी दारात उभा होतो. गेनबांनी खुरपं धुऊन, पुसून पायरीवर ठेवलं आणि ते गेले.

पुढचं मला बाजाराला येणाऱ्यांकडून कळत गेलं. त्या वर्षी मार्गासनीत त्यांनी सुरू करून दिलेल्या दोन खाचरांत करप्याचा रोग पडला. भातावर करपा काही नवा नसतो, अधूनमधून पडतोच. एरवी कुणी त्याचा गेनबांशी संबंध जोडला नसता. पण वाफ्याची हकीकत गेनबांनी स्वतःच आळीत सांगितली होती. पुढच्या आषाढात लोक बोलवायला गेले तर त्यांनीच नाही म्हटलं. दुसरा हात बघा, म्हणाले. त्याच्या पुढच्या वर्षी कुणी बोलवायला गेलं नाही.

भाटघरहून मार्गासनी अर्ध्या दिवसाची वाट. मी जाऊन आळीत उभं राहून चार वाक्यं बोललो असतो तर ते सगळं तिथल्या तिथे मिटलं असतं. ती अर्ध्या दिवसाची वाट चालायला मला नऊ वर्षं लागली.

मधल्या काळात माईसाहेब गेल्या. रावसाहेब मुलाकडे जायला निघाले तेव्हा ती कुंडी त्यांनी मला दिली. मी पुण्यात एका कचेरीत चिकटलो, लग्न झालं. कुंडी खिडकीत असे. मी रोज सकाळी एका बोटानं गळ्यापाशी आलेली माती बाजूला सारत असे. झाड भरभरून फुलायचं आणि मला त्याच्याकडे बघवत नसे. त्याचे फुटवे होऊन दोन कुंड्या झाल्या तेव्हा त्यातली एक करंडीत घालून मी आषाढात निघालो. नसरापूरच्या फाट्यापर्यंत मोटार, पुढे चालत. वाटभर मी काय बोलायचं ते पाठ करत होतो.

गेनबा त्यांच्या खाचराच्या बांधावर बसलेले होते. अंगावर घोंगडी, दोन्ही हात काखेत. खाचरात त्यांची सून पहिलं रोप लावत होती. गेनबांच्या स्वतःच्या खाचरातलंसुद्धा. रोपांची एक जुडी घसरत त्यांच्या पायाशी आली, तर त्यांनी ती उचलली नाही. सुनेला हाक मारली आणि पाय आखडून घेतले.

मला त्यांनी लगेच ओळखलं. "या भाऊसाहेब. लई भिजलात." मी माईसाहेब गेल्याचं सांगितलं. मग मी करंडीवरचं पोतं काढलं. झाडाला एक कळी होती.

"जगली व्हय," ते म्हणाले. घोंगडीतून एक हात बाहेर आला, पानापर्यंत गेला आणि पुन्हा आत गेला. "तुमीच लावा. माजा हात नगं."

त्यांच्या ओट्याजवळ जरा उंचवट्यावर मी ते लावलं. ते दोन हात लांब उभे राहून सांगत होते, वाळू घाला, अजून थोडी, तिकडून उतार द्या. मी गळ्याभोवतालची माती बोटानं सारली तेव्हा त्यांची ती अर्धी पापणी जरा वर गेली.

"गळा उगडा ठेवलात. कुनी शिकवलं?"

"तुम्हीच," मी म्हणालो.

ते हसले. तंबाखूनं काळे पडलेले चार दात उरले होते. आत्ताच बोलायला हवं हे मला कळलं. मी म्हणालो, "गेनबा, त्या साली..."

"त्या सालाचं नगं काडू," ते म्हणाले. "तुमी तरी काय करनार? काई करू नका म्हनून म्याच सांगितलं व्हतं. तुमी ऐकलंत. येवढं तरी कोन ऐकतं, भाऊसाहेब?"

पाठ केलेलं सगळं तसंच राहिलं. सुनेनं गुळाचा चहा दिला, तो मी प्यालो. परत यायचं कबूल करून निघालो.

वळणावर मागे वळून पाहिलं. गेनबा ओट्याजवळच्या झाडापाशी उकिडवे बसले होते. वळचणीच्या धारेखाली हात धरून ते बोटांची बेचकी चोळत होते. नंतर ते दोन्ही हात त्यांनी झाडाच्या दोन बाजूंना, वीतभर अंतरावर धरले आणि तसेच धरून ठेवले. झाडाला लावले नाहीत. मी बघत होतो तोवर तरी नाही.

त्याच वर्षी थंडीत ते गेले. मला कळलं ते उन्हाळ्यात, एका पोस्टकार्डानं.

मला एवढंच म्हणायचं होतं, गेनबा: मी ऐकलं नव्हतं. भर मी घातली होती आणि काढलीही मीच. मला क्षमा करा. तुमच्या हातात काही खोट नव्हती.